मराठी ऐकायला

धारवाडला मराठी नाटक होतं, म्हणून मी आणि बायको नवनगरहून गेलो होतो. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाई नटांची वाक्यं हळूच पुटपुटत होत्या. त्यांचे यजमान अप्पा मात्र नाटक सोडून बाईंच्याच तोंडाकडे बघत होते.

मध्यंतरात बाई चहाला गेल्या, तेव्हा मी अप्पांना कन्नडमध्ये विचारलं, "नाटक आवडलं नाही का?"

"मला मराठी कळत नाही," ते म्हणाले. "ही सांगलीची. माहेरी आता कुणी उरलं नाही. घरात आम्ही सगळे कन्नडच बोलतो. म्हणून आणतो."

नाटक संपलं. लोक गप्पा मारत बाहेर पडू लागले. बाई तशाच बसून ते बोलणं ऐकत होत्या. अप्पा पिशवी घेऊन उभे राहिले. सभागृह रिकामं होईपर्यंत त्यांनी बाईंना हाक मारली नाही.