निळीऐवजी गेरू

"सरक. माझ्या उजेडात हुबा ऱ्हाऊ नको."

मामांचं माझ्याशी बोलणं बहुतेक एवढंच. ते माझे मामा नव्हेत. शेडमधले सगळेच त्यांना मामा म्हणत. शिर्डीच्या बाहेर रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये आम्ही पुतळे करायचो. मी मातीत चेहरा घडवायचो, ते साचा फोडायचे. वर्षानुवर्षं शेजारी बसून ज्यांचं जमत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचं भांडण कधी झालं नाही. मला ते आवडत नव्हते, त्यांना मी.

कारण कामातच होतं. मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, आतली माती उकरून टाकायची, तिच्या जागी रेझिन भरायचं. ते कडक झालं की साचा छिन्नीनं फोडायचा. म्हणजे माझी माती गेलेली, आणि चेहरा उरला तो प्लास्टरच्या आत. छिन्नी घसरली की नाक गेलं. माझी सगळी मेहनत मामांच्या मनगटावर, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"तुझं काम मातीत. ती माती गेली गटारात," ते म्हणायचे. "आता ह्यो माझा."

फोडणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळावं म्हणून साच्याच्या पहिल्या थरात कपड्यांची नीळ घालतात. वरचं पांढरं प्लास्टर धडाधड उडवायचं, निळं दिसलं की हात हळू. आमच्याकडे रीत अशी, की जो फोडणार त्यानंच पहिला थर द्यायचा. मामांच्या निळीच्या डब्याला कुणी हात लावलेला खपत नसे. एकदा मालकानं झाकण उघडलं तर म्हणाले, "घरी न्या, धोतरं धुवा."

फोडताना मात्र ते बघण्यासारखे असत, हे कबूल करतो. गोणपाटावर साचा, गुडघ्यानं दाबलेला, हातात बोथट छिन्नी. एक ठोका मारून कान देत, मग दुसरा. चेहऱ्यावरून निळी टरफलं गळाली की आधी ओल्या फडक्यानं पुतळ्याचे डोळे पुसत आणि माझ्याकडे न बघता सांगत, "ओठ बरे हायेत. म्हंजे वाईटच, पर बरे."

मग एका पुतळ्याची भुवई गेली. नंतर एकाच्या नाकाचा शेंडा. "तुझं रेझिन कच्चं," मामा म्हणाले. मी पुट्टी भरून दुरुस्ती केली आणि त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. ते आता प्लास्टरवर ओला अंगठा घासून बघत. साचा दाराशी उन्हात ओढत नेत. एका संध्याकाळी त्यांची संगमनेरची एसटी समोरून गेली. मामांनी हात केलाच नाही. वर म्हणाले, "डायवर हलकट हाय. बगून थांबवत न्हाई." सगळे हसले. मला मात्र तेव्हा कळलं. मामांना दिसेनासं झालं होतं. पांढऱ्यातली फिकट निळाई तर अजिबातच नाही.

हे मी त्यांना एकट्याला सांगू शकलो असतो. टपरीवर चहाला रोज समोरासमोर बसायचो. नाही सांगितलं.

पुढं संगमनेरच्या एका वारलेल्या शिक्षकांच्या पुतळ्याचं काम आलं. त्यांच्या मुलीनं एक जुना फोटो दिला होता. तो चेहरा मला साधला. तसा त्याआधी कुठलाच साधला नव्हता. प्लास्टरच्या दिवशी मामा गाय विकायला घोडेगावच्या बाजाराला गेलेले. मालक म्हणाला, उद्या करू. मी म्हटलं, थांबायचं कशाला. पहिला थर मीच दिला, आणि निळीऐवजी त्यात गेरू घातला.

मामा आले तोवर वर पांढरं चढलं होतं.

"पयला थर कुनी दिला?"

"मी. रंग घातलाय."

ते बाहेर जाऊन थुंकले.

फोडायच्या दिवशी ती मुलगी आली होती, मालक होता, सगळे भोवती उभे. गालाजवळचा तुकडा उडाला आणि खाली लाल दिसलं. मामांचा हात थांबला.

"ह्ये काय?"

"गेरू."

"निळीला काय झालं हुतं? का नाकं बसवता बसवता रंग बी इसरला?"

कुणीतरी हसलं. मी दोन उत्तरं तयार ठेवली होती. एक, नीळ संपली होती. मी दुसरं दिलं.

"निळं तुम्हाला दिसत नाही, मामा. आंधळ्याला दिसावं म्हणून लाल घातलं."

मामांनी छिन्नी पुन्हा टेकवली आणि अख्खा चेहरा मोकळा केला. कुठं ओरखडासुद्धा नाही. पुतळ्याचे डोळे पुसले. मुलीनं वडिलांच्या गालाला हात लावला आणि रडायला लागली.

"डावा कान वाकडा हाय," मामा मला म्हणाले. "त्यो मातीतच वाकडा हुता."

खरंच वाकडा होता. त्यांनी निळीचा डबा पिशवीत टाकला आणि रस्त्याला लागले. परत आले नाहीत.

शेडमध्ये अजून सांगतात, मी गेरू घालून म्हाताऱ्या मामांची शेवटची मूर्ती वाचवली. मी ते ऐकून घेत आलो. गेरू मी घडवलेला चेहरा वाचावा म्हणून घातला होता. आणि ते वाक्य मामांसाठी राखून ठेवलं होतं, चारचौघांत म्हणायला.

साधा मोतीबिंदू होता. ऑपरेशन झाल्याचं नंतर कानावर आलं.

परवा घोडेगावच्या बाजारात गेलो होतो. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, गायींच्या रांगेत मामा दिसले, एका गायीच्या पाठीवर हात ठेवून. मी हात वर केला. मधे जनावरं, माणसं, धूळ. एवढ्या लांबून त्यांनी मला ओळखलं. नीट बघून घेतलं, आणि पाठ फिरवली.