ओळखलंत का, बाई?

रस्त्यानं चालायचं कसं, हे मी आमच्या अख्ख्या गल्लीला शिकवलं. हसू नका. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला निवृत्त झाल्यावर कुणाला तरी काहीतरी शिकवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. त्यात कोपरगावात तेव्हा गळ्यातल्या साखळ्या ओढून पळणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. मग काय, विषय आयताच मिळाला.

भजनी मंडळात आरती झाली की मी सुरू व्हायची. पर्स नेहमी भिंतीच्या बाजूच्या हातात. गाड्या समोरून येतात त्या कडेनं चालायचं, म्हणजे पाठीमागून येऊन कुणी गळ्याला हात घालणार नाही. पत्ता विचारायला मोटारसायकल जवळ आली की दोन हात लांब सरकायचं आणि लांबूनच उत्तर द्यायचं. हेल्मेट न काढता विचारणाऱ्याला उत्तरच द्यायचं नाही. रस्त्यात मोबाईलवर गप्पा नाहीत. दुकानापाशी थांबलात तर काचेत बघा, मागं कोण उभं आहे ते. बायका माना डोलवायच्या आणि प्रसादाच्या द्रोणाकडं बघायच्या.

माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण तेवढी तोंडावर बोलायची. घरचा ऊस, दारात दोन म्हशी, आणि जीभ अशी की समोरच्याची भीडभाड नाही. "बाई, तुमी बाजाराला चालल्या का सीमेवर पहारा द्यायला?" असं ती भर रस्त्यात विचारायची. मी म्हणायची, "तुझी साखळी गेली की कळेल." ती म्हणायची, "माझ्या गळ्याला हात घालील त्याचा हात जाग्यावर ऱ्हाईल व्हय?" आणि खरंच, तिच्याकडं बघून कुणाची हिंमत झाली नसती.

माझ्या ह्या सगळ्या शहाणपणामागं एक कारण होतं, ते मी मंडळात सांगितलं नाही. मुलगा पुण्यात. ह्यांच्या माघारी मी एकटी. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच. "आई, बास झालं आता एकटं राहणं. हे बघ, एकदा जरी काही झालं ना, मग मी तुझं ऐकणार नाही. गाडी घेऊन येईन आणि घराला कुलूप लावीन." मी म्हणायची, "काही होत नाही. डोळे उघडे ठेवून चालते मी." हाच आमचा करार होता. काही झालं नाही तोवर घर माझं, गाव माझं.

आणि गाव माझं म्हणजे काय, हे पुण्यातल्या आठव्या मजल्यावरून त्याला कसं कळावं? इथं मी बाई आहे. नावाची गरज नाही. भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत निम्मा गाव माझ्या हाताखालून गेलेला. मंडईत जायला दहा मिनिटं लागतात, मला अर्धा तास लागायचा. दर दहा पावलांवर कुणीतरी वाकायचं, पाया पडायचं आणि विचारायचं, "ओळखलंत का, बाई?"

आता खरं सांगते. नाही ओळखायची मी. कशी ओळखणार? हजारो पोरं. सातवीतल्या शेंबड्या पोराला पुढं मिशा फुटतात, पोट सुटतं, टक्कल पडतं. पण विचारताना त्यांचे चेहरे कसे होतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. नोकरीला दहा-बारा वर्षं झाली असताना एकाला मी सरळ सांगितलं होतं, "नाही रे, नाही आठवत." बरोबर त्याची नवी नवरी होती. त्याचा चेहरा असा पडला की मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून 'नाही' म्हणणं मी सोडलं. "अरे, तू! किती बदललास! काय करतोस हल्ली?" एवढं म्हटलं की पुढचं तोच सांगतो, आणि त्यातलाच धागा पकडून आपण बोलत राहायचं. सगळे शिक्षक हेच करतात. शिक्षकांच्या खोलीत आम्ही ह्यावर पोट धरून हसायचो. ह्याला कुणी खोटं बोलणं म्हणत नसे.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला होता, हवेला मळीचा वास. सकाळचे अकरा वाजले असतील. मी बँकेतून निघून मंडईकडं चालले होते. पर्स भिंतीच्या बाजूला, पदर खांद्यावरून घट्ट, नजर चारी बाजूंना. माझं सगळं लक्ष मोटारसायकलींवर. आणि हा आला पायी. दाढी घोटलेली, केस बारीक कापलेले, खाकी रंगाची पँट, तपकिरी बूट. भर रस्त्यात वाकून त्यानं दोन्ही हात माझ्या पायांना लावले.

"ओळखलंत का, बाई?"

"अरे, तू! किती बदललास!"

झालं. माझी अक्कल तिथंच गहाण पडली.

"पोलिसात आहे, बाई. तुमच्यामुळंच. शुद्धलेखनासाठी तुम्ही कान पिळायचात ना, म्हणून तर पास झालो."

कान मी सगळ्यांचेच पिळायची. पण ऊर कसा भरून आला म्हणून सांगू! माझा विद्यार्थी पोलिसात. कुठल्या सालचा रे तू, असं विचारलं, तर हसून म्हणाला, "तुम्हीच ओळखा, बाई." आणि मी, मी मूर्ख, त्याच्याबरोबर हसले. "वात्रट होतास तसाच आहेस बघ." म्हणजे त्याला जे जे लागत होतं ते मीच पुरवत होते.

मग तो एकदम गंभीर झाला. "बाई, ह्या पाटल्या घालून कशाला फिरताय? पुढं आज सकाळपासून दोन प्रकार झालेत. आम्ही साध्या कपड्यांत उगाच उभे आहोत का?" रागावला हो माझ्यावर. आणि मला ते रागावणं आवडलं. कुणीतरी आपल्यावर हक्कानं रागवावं, ह्याला किती दिवस झाले होते! एका बंद दुकानाच्या पायरीशी उभं राहून पाटल्या मी माझ्या हातानं उतरवल्या. आईच्या पाटल्या त्या. मला नोकरी लागली त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात घातल्या होत्या. पूर्वी साबण लावल्याशिवाय निघत नसत. आता हात वाळलेत, सरकन निघाल्या. त्यानं खिशातून रुमाल काढला, पाटल्या त्यात बांधल्या, गाठ मारली, माझ्या पर्समध्ये ठेवून वर चेनही लावून दिली.

"आता घरी जाऊनच सोडा, बाई. आणि पर्स भिंतीच्या बाजूला धरा."

माझाच नियम, मलाच. जाताना पुन्हा पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "सुखी राहा."

घरी येऊन गाठ सोडली. दोन प्लॅस्टिकच्या बांगड्या आणि एक खडा.

कपाळ माझं! मी रडले नाही. राग आला, तोही त्या मेल्यावर कमी, स्वतःवर जास्त. पाटल्यांचं दुःख नंतर झालं. आधी डोळ्यांपुढं आला तो माझा मुलगा, त्याची गाडी आणि घराचं कुलूप.

संध्याकाळी शेजारणीला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती म्हशीचं दूध काढायचं सोडून तशीच उठली. "चला पोलिसात."

"नको. उद्या पेपरात येईल. निवृत्त शिक्षिकेला भामट्यानं गंडवलं. पुण्याला कळेल."

"आन त्यो उंद्या आनखी कुनाला लुटल, त्याचं काय?"

"तुला शपथ आहे माझी. कुठं बोलू नकोस."

तिनं शपथ पाळली. पण त्या वेळी तिनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं आधी कधी बघितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी नकली पाटल्या आणल्या. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुद्दाम हात पुढं करून चष्मा सारखा केला. मुलाला काही कळलं नाही. घर वाचलं, गाव वाचलं, असं मी समजले.

गाव कुठलं वाचायला! त्यानंतर कुणी "बाई" म्हणून हाक मारली की मी मागं न बघता पाय उचलायची. पर्स छातीशी धरून मी रस्ता ओलांडायची. वाकायला आलेल्याला "राहू दे, राहू दे" म्हणत मागं सरायची. ज्यांना मी खरोखर ओळखत होते त्यांच्याकडंही संशयानं बघायची. लोक काय वेडे असतात? "बाईंना काय झालं हो?" असं त्यांनी शेजारणीला विचारलं. मग हळूहळू लांबूनच नमस्कार व्हायला लागले. मंडईत जायला आता मलाही दहाच मिनिटं लागत होती.

असे दोन महिने गेले. बाजाराचा दिवस. शेजारीण बरोबर होती, मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालत होती. तेवढ्यात माझ्या अगदी जवळ मोटारसायकलचा करकचून ब्रेक लागला. डोक्यावर हेल्मेट. गाडी कशीबशी स्टँडला लावून तो माणूस धावतच माझ्याकडं आला आणि वाकला. मला दिसले ते फक्त माझ्याकडं येणारे दोन हात.

"चोर! चोर! धरा त्याला!"

शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय पोचणारा आवाज आहे माझा. सगळा बाजार गोळा झाला. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी हेल्मेट ओढून काढलं. चाळिशीचा, दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला माणूस. तो ओरडत होता, "आवो, मी बाईंचा इद्यार्थी हाय! पाया पडाया आल्तो!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "बाई, ओळखता का ह्याला?"

मी त्याच्याकडं बघितलं. मनापासून बघितलं. कपाळ, नाक, कान, कुठंही ओळखीचं काही सापडेना. इतकी वर्षं मी जे हजारदा टाळलं होतं, ते त्या दिवशी प्रामाणिकपणे बोलले.

"नाही."

पहिली थप्पड कुणी मारली, माहीत नाही. नंतरच्या मोजता आल्या नाहीत. शेजारीण मेथी टाकून मध्ये घुसली. "आरं, थांबा की! इचारा तरी आधी! मानूस हाय का जनावर हाय त्यो?" त्याच्या अंगावर ती आडवी झाली तेव्हा कुठं हात थांबले.

तो खाली मातीत बसला होता. ओठ फुटला होता. मनगटानं रक्त पुसून तो बोलला ते गर्दीशी नाही, माझ्याशी.

"बाई, सातवी ब. शेवटचा बाक. वर्गात कुनाचं तरी घड्याळ गेल्तं. समदे म्हनले, ह्यानंच घेतलं. हेडमास्तरांनी मला समद्यांम्होरं झडतीला उभं केलं. तवा तुमी म्हनल्या हुत्या, 'मी ओळखते ह्याला. हा घेणार नाही.'" त्यानं पुन्हा ओठ पुसला. "माझी पोरगी यंदा सातवीत गेली. कालच तिला सांगत हुतो. आज तुमी दिसल्या, म्हनून थांबलो."

गर्दी अशा वेळी जाते तशी गेली. ज्याला त्याला एकदम घाई झाली. कुणीतरी हेल्मेट आणून गुपचूप त्याच्या गाडीवर ठेवलं. ज्यानं कॉलर धरली होती तो टोमॅटो निवडायला लागला. चोर म्हणून ओरडणारी मी मात्र तिथंच उभी.

तो उठला, कपडे झटकले. "आता आठवलं का, बाई?"

"हो रे," मी म्हटलं. "आठवलं."

कसलं आठवलं! ते घड्याळ नाही, ती झडती नाही, शेवटच्या बाकावरचा तो पोरगा नाही. आजही आठवत नाही. त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो माझ्यापासून दोन हात लांब वाकला, रस्त्याच्या मातीला हात लावून तोच हात कपाळाला लावला, आणि गाडी सुरू करून गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

घरी येईपर्यंत शेजारीण माझ्या चार पावलं पुढंच चालत होती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मी मुलाला फोन केला, रविवारची वाट न बघता. पाटल्यांचं सांगितलं. म्हटलं, "ये, मला घेऊन जा." दुसरं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" गाडी आली, कुलूप लागलं. निघताना शेजारणीनं मेथीचे पराठे बांधून दिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तब्येतीला जपा."

इथं पुण्यात सोसायटीच्या बागेत मी रोज फिरते. कुणी पाया पडत नाही, कुणी बाई म्हणत नाही. सगळ्या आज्यांत मी एक आजी. मुलगा आल्यागेल्याला सांगतो, "आईला तिकडं लुटलं हो, म्हणून आणलं." लोक हळहळतात. बाजारातली गोष्ट त्यालाही माहीत नाही.

पाटल्या नेणाऱ्याचा चेहरा मला अजून लख्ख आठवतो. हनुवटीवरचा व्रणसुद्धा. हजारांत उभा केला तरी मी त्याला ओळखीन. त्या दुसऱ्याचा चेहरा मी रोज आठवून बघते, आणि रोज फक्त फुटलेला ओठ आठवतो.