मारुतीच्या गळ्यातला हार

नागूतात्या फुलारी लग्नाची फुलं ठरवायच्या आधी एक फूल मारून बघायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी, ज्या घटकेला मुहूर्त त्याच घटकेला, नवरानवरी जिथे उभे राहणार तिथे मोगऱ्याचं एक फूल तळहातावर घेऊन तो उभा राही. वैशाखाच्या झळा, डोक्याला रुमाल नाही. फुलानं मान टाकली की म्हणे, "अर्धा घंटा टिकतंय. बराबर हाय."

मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर फुलं पिकवतो; तात्याचे हार माझ्याच फुलांचे. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण कोणतं फूल कधी तोडावं हे मला कोणी शिकवू नये. तात्यानं कधी शिकवलं नाही, म्हणून आमचं तीस वर्षं जमलं.

हिंगोलीचे मंडपवाले कापडी फुलांचे डोंगर उभे करतात. तात्याचं काम थोडकं. दारात आंब्याचं तोरण आणि झेंडू. वर बहाव्याचे पिवळे घोस. नवरानवरीच्या मागे निशिगंधाच्या सरी, दोन सरींत हातभर जागा मोकळी. "ती जागा भरा की," असं कोणी म्हटलं तर सांगे, "तितून वारा जातो. त्योबी वऱ्हाडीच हाय."

असा माणूस, आणि त्याची अब्रू शेषरावानं मातीत घातली. नदीपलीकडच्या गावचा हा शेषराव. त्याच्या थोरल्या पोराचं लग्न आमच्या गावात, साडेबाराचं होतं. वरात मारुतीच्या पारावर डीजे लावून अडीचपर्यंत नाचत राहिली. मांडवात आले तेव्हा हार काळे पडलेले. शेषरावानं भर मांडवात हार भिरकावला. "मेलेली फुलं घालतू का माझ्या पोराला? कोन धंदा देतं ह्याला?"

तात्यानं हार उचलला, झटकला, पिशवीत घातला. त्या उन्हाळ्यात त्याला एकही लग्न मिळालं नाही. पुढचे तीन उन्हाळेही तसेच गेले. माझी फुलं मी दुसऱ्याला दिली नाहीत. शेतात तशीच वाळू दिली. बायको म्हणाली, "तुमचं काहून जळतंय?" मी म्हटलं, माझंच जळतंय.

मग शेषरावाच्या धाकट्याशी सोयरीक जुळली ती माझ्या पुतण्याच्या पोरीची, सुनीताची. मला न विचारता. मी एकच अट घातली, फुलं तात्याची. आणि तात्याला जाऊन सांगितलं, "शिळी फुलं लाव. नाक कापू त्याचं."

तात्या हसला. "मांडव आपला, लेकरू आपलं. नाक त्याचं कापायचं, आपलं न्हाई."

असा मांडव त्यानं आयुष्यात सजवला नसेल. बायका आत आल्या आणि मान वर करून बघतच राहिल्या. साडेबारा वाजले. नवरदेव नव्हता. मारुतीच्या पारावर डीजे धडधडत होता. तात्यानं दोन्ही हार परातीत घेतले आणि चालू लागला. मी मागे. भटजी ओरडले, "अहो, कुठं निघाले?" तात्या म्हणाला, "मुहूर्ताला."

नाचणारी पोरं बाजूला झाली. तात्या पार चढला आणि दोन्ही हार मारुतीच्या गळ्यात घातले.

शेषराव धावत आला. "अरे, काय करून राहिला? डीजे बंद करा!"

आवाज थांबला. तात्या हात पुसत म्हणाला, "ज्याचं लगीन व्हायचं न्हाई, त्यो तरी येळेवर हजर हाय."

लोक हसले. शेषरावाची स्वतःची भावकीसुद्धा हसली.

"काढ त्ये हार!"

"तुमीच काढा, शेषराव. देवाच्या गळ्यातले."

त्यानं हाराकडे हात नेला आणि मागे घेतला. पारावर दीडशे माणूस बघत होतं. तात्या म्हणाला, "मागं मेलेली फुलं म्हणले तुमी. मारली कुनी, त्ये सांगा."

शेषरावानं पाराखाली भावकीकडं बघितलं. "आमीच उशीर केला," शेषराव पुटपुटला.

"मोठ्यानं!" मी ओरडलो.

"आमी उशीर केला. फुलारी चुकला न्हवता."

मला एवढ्यानं भागणार नव्हतं. त्याला मांडवापर्यंत अनवाणी चालवावं, तात्याच्या पायावर घालावं, असं ठरवूनच मी आलो होतो. मी तोंड उघडलं तसा तात्यानं माझा दंड धरला. "बास. पोरगी बसून राहिली तिकडं." हारांची दुसरी जोडी त्यानं रांजणामागे ओल्या फडक्यात ठेवली होती. पाऊण वाजता लग्न लागलं. बहाव्याची एक पाकळी सुनीताच्या खांद्यावर पडली. तेवढीच.

परतताना मी तात्याशी बोललो नाही. चार वर्षांची आग, आणि दोन वाक्यांत सोडून दिली! तो म्हणाला, "मला माझं नाव पायजे व्हतं. त्याचं घेऊन काय करू?"

त्या उन्हाळ्यात त्याला अकरा लग्नं आली. गेल्या वर्षी तो गेला, साध्या तापानं.

शेषराव आता सोयरा. बारशाला, जावळाला समोर येतो, हात जोडून राम राम घालतो. मी घेत नाही. पुतण्या म्हणतो, "काका, आता तरी सोडा. तात्यानं माफ केलं व्हतं ना त्याला?"

केलं असेल. मला विचारून केलं नव्हतं.