आभार मानायला मला उभं केलं

कॉलेजातले माझे वरिष्ठ, नौपाड्याचे वैद्यसर, यांनी मला फसवलं, आणि म्हणून मी ठाणं सोडलं. आमच्या माजिवड्यात जी कारणं सांगितली जातात, दिल्लीचा पगार, क्वार्टर, बायकोची हौस, ती खोटी आहेत.

निघालो त्या दुपारी बाबा मिठागरातून थेट स्टेशनवर आले. पायांवर खारा चिखल वाळलेला. माझी ट्रंक त्यांनीच डब्यात चढवली आणि म्हणाले, "तू माल दाखवलास, भाव नाय केलास. तिकडं तरी तोंड सांभाळ." माझ्या कायद्याच्या पदवीवर त्यांचा एवढाच शेरा.

आमच्या पाटलांच्या ओट्यावर रेडिओ होता. मिठागरवाले संध्याकाळी हवामान ऐकायला जमत, कारण अवेळी पावसाची सर आली की तयार मीठ विरघळतं. एकदा रेडिओचे परवाने तपासणारा इन्स्पेक्टर आला. एवढे लोक ऐकतात, तर घरगुती परवाना चालणार नाही म्हणाला. मी त्याच्याशी हुज्जत घातली. परवाना यंत्राचा असतो, कानांचा नसतो. सरकारनेच हवेत सोडलेली बातमी ऐकायला माणसागणिक परवानगी कशी मागता? तो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

त्यावर मी कॉलेजच्या वार्षिक सभेसाठी व्याख्यान तयार केलं. तार, टपाल, रेडिओ यांचा कायदा मी ज्युनिअर होतो त्या कॉलेजात नव्यानेच सुरू व्हायचा होता, तो शिकवायला जागा एकच होती आणि ती या व्याख्यानावर ठरायची होती. रिवाज असा, की ज्युनिअरने आपलं व्याख्यान आधी सरांच्या घरी म्हणून दाखवायचं. त्यांच्या झोपाळ्यासमोर सतरंजीवर बसून मी ते सगळं म्हटलं.

"बरं आहे रे," सर म्हणाले. "पण तुझे उच्चार! यंदा मीच बोलतो. तू आभार मान."

मला वाटलं, ते स्वतःचं काही बोलतील. सभेत ते माझंच बोलले. पाटलांचा ओटासुद्धा सोडला नाही. मग मी आभाराला उठलो. "माझे विचार सरांनी शुद्ध उच्चारांत मांडले, त्याबद्दल आभारी आहे," म्हणालो. अध्यक्षांनी घंटी वाजवली. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मिठागरातला ना, खारटच बोलणार." सगळी रांग हसली. जागा सरांना मिळाली. मला उद्धटपणाचा शिक्का मिळाला.

आज दिल्लीत मी हाच विषय कोट घालून इंग्रजीत शिकवतो. मिनिस्ट्रीतले लोक सल्ल्याला येतात. मी आधी अटी ठरवतो, मग बोलतो. परवा एका विद्यार्थ्याने मलाच 'वैद्यांचा सिद्धांत' समजावून सांगितला. मी त्याला वर्गाबाहेर काढलं. त्या पोराचा काही दोष नव्हता.

माजिवडेकरांनो, तुम्ही लिहिता, झालं गेलं विसर, घरी ये. माजिवड्यात माझं घर आहे हे मला कोणी सांगायला नको. पण ज्या ठाण्यात माझी अक्कल दुसऱ्याच्या नावावर चढली आहे, तिथे मी पाहुणा म्हणूनही उतरणार नाही.

वैद्यसर, त्या सभागृहात तुम्ही अजून दरवर्षी बोलता. यंदा बोलायला उभे राहाल तेव्हा आधी एवढंच सांगा, तो विचार कोणाचा होता? आणि तेव्हा हसलेल्यांनो, तुम्हीही त्याच रांगेत बसून ऐका.