गाण्याला ‘हो’ म्हणायचं काम

परदेशात मी शिकते त्या विद्यापीठात पश्चिम आफ्रिकेतल्या एक गायिका आल्या होत्या. त्यांच्या सोबतीला राहायचं काम माझ्याकडे होतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कळलं, त्यांच्या भावाला व्हिसा मिळाला नाही. भाऊ वाजवत नसे, गात नसे. त्यांच्या प्रत्येक ओळीनंतर तो फक्त ‘हो’ म्हणायचा.

“आमच्या लोकांची श्रद्धा आहे,” त्या म्हणाल्या, “ज्या शब्दाला कुणी हो म्हटलं नाही, तो वर पोचत नाही. उत्तराशिवाय मी गात नाही. आज तू म्हण.”

टॅक्सीत त्यांचं ऐकताना मी सारखी ‘हं, हं’ करत होते, ते त्यांना आवडलं होतं. लहानपणी त्या बाजारात सुकी मासळी विकायच्या. लग्नांत गायच्या आणि उरलेला भात घरी न्यायच्या. पहिल्यांदा परदेशी निघाल्या तेव्हा अख्खं गाव मशिदीत दुआ मागत बसलं होतं. माझी आई इचलकरंजीत मंगल कार्यालयात पोळ्या लाटते, उरलेलं डब्यात आणते. हे मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

“मला तुमची भाषा येत नाही,” मी म्हणाले.

“तुझ्या भाषेत म्हण. पण पोचलं तरच म्हण.”

इथेच वाढलेला माझा मराठी वर्गमित्र हसला. “टेन्शन कशाला? वर्गात तू सगळ्यांनाच हो म्हणतेस.”

सभागृह भरलं, पुढच्या रांगेत आमचे प्राध्यापक. त्या गायला लागल्या. त्यांनी श्वास घेतला की मी हो म्हणायची. तीन-चार ओळींनंतर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्यामुळे कार्यक्रम बंद पडला, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, हळू, जवळजवळ बोलल्यासारखी. एका शब्दावर त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी तो लपवला नाही. अर्थ मला आजही माहीत नाही. मी हो म्हणाले तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

त्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ सुरू केली. मी पुन्हा घाबरले. शेवटपर्यंत दर ओळीला घाबरतच होते, पण त्या परत थांबल्या नाहीत.