मधला वाटा

बुधवारी मधल्या सुट्टीत लॉकर उघडला तर मोबाइलवर अनघाचा मेसेज होता. अनघा म्हणजे शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी शीलाताईंची भाची, चिपळूणला बँकेत असते. "मावशी आज पहाटे गेली. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती." एवढंच. आमच्या शाळेत सकाळी आल्या आल्या मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचे आणि सुट्टीत काढायचे असा नियम आहे, त्यामुळे मेसेज येऊन तीन तास झाले होते आणि ते तीन तास मी सातवीला हिंदीतलं पत्रलेखन शिकवत होते. पुढचा तास होता, तोही घेतला. दुसरं काय करणार होते... घरी येऊन कॉलची यादी उघडली. रविवारी सकाळी साडेआठचा त्यांचा मिस्ड कॉल तिथे तसाच होता. तो मी परत केला नव्हता. त्या हॉस्पिटलमध्ये होत्या हे मला माहीत नव्हतं, हे खरं. पण त्यांनी हॉस्पिटलमधून मला फोन केला होता आणि मी "शुक्रवारी बोलू" म्हणून सोडून दिला होता, हेही खरं. त्यांना काय हवं होतं? सात आठवडे मला एका जागी बसू दिलं नाही ते याने.

एका जागी न बसणं ही खरं तर त्यांची खासियत. मी मस्कतला नवी आले तेव्हा शाळेत पहिल्या दिवशी मला ज्या बाई दिसल्या त्या स्टाफरूमच्या कपाटावर वह्यांचा गठ्ठा ठेवून उभ्यानेच तपासत होत्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "राहू दे गं, बसलं की मला झोप येते." ते साफ खोटं होतं. त्यांना झोप कुठेच यायची नाही. शाळेच्या बसची वाट बघताना गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत येरझाऱ्या, परीक्षेला वर्गात फेऱ्या, आमच्या घरी चहाला आल्या तर कप हातात घेऊन खिडकीशी. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याने आपल्या मोडक्या मराठीत मला विचारलं होतं, "मावशीला चेअर अलाउड नाही का?" त्यांना हे सांगितलं तेव्हा डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या, उभ्यानेच.

आई गेल्यावर चिपळूणच्या घरात बसवेना म्हणून त्या इथे आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. दोन वर्षं गणित शिकवू आणि परत जाऊ, असा बेत. दोनाची एकोणीस झाली. तेवढ्या काळात मस्कतमध्येच सीब, अल हैल, मवालेह आणि पुन्हा अल हैल अशी चार घरं बदलली, आणि एकाही घरात भिंतीला खिळा ठोकला नाही. कॅलेंडरसुद्धा फ्रिजला टेकवून ठेवलेलं. दर एप्रिलला म्हणायच्या, "वैशाली, हे शेवटचं वर्ष हं." मी पण दर एप्रिलला म्हणायचे, "इन्शाल्ला." मग चिडायच्या.

त्यांचा एकच वार थाऱ्यावर होता, तो म्हणजे शुक्रवार. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी. शुक्रवारी सकाळी मवालेहच्या भाजीबाजारात जायचं, टोमॅटोचा, कांद्याचा, काकडीचा असे अख्खे क्रेट घ्यायचे आणि तिथेच पार्किंगमध्ये तीन घरांत वाटून टाकायचे. एका घराला अख्खा क्रेट कुठे संपतो? तीन घरं म्हणजे त्या, मी आणि मुमताजभाभी. भाभी मूळच्या दापोलीच्या, त्यांच्या नवऱ्याचं सीबच्या जुन्या बाजारात शिलाईचं दुकान आहे. शीलाताई गाडीच्या सावलीत एक निळी ताडपत्री अंथरायच्या आणि तिच्यावर ढीग लावायच्या. वजनकाटा नाही, सगळं नजरेने. गणिताच्या बाईंनी असं अंदाजपंचे वाटावं याचं मला नवल वाटायचं, तर म्हणाल्या, "काटा नको, नियम हवा. जो वाटे करील त्याने शेवटी उचलायचं. मग बघ हात कसा सरळ चालतो ते." त्यामुळे आधी भाभी उचलायच्या, मग मी, आणि उरेल तो वाटा त्यांचा. एवढी वर्षं त्या बाईने उरलेली भाजी खाल्ली आणि कधी म्हटलं नाही की माझे टोमॅटो मऊ निघाले.

साठी झाली आणि शाळेने निरोप दिला. जायच्या आधीच्या शुक्रवारी बाजारातून परतताना त्यांनी ताडपत्रीची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आता तू वाटे कर," म्हणाल्या. मी म्हटलं, आता दोनच वाटे. त्या गाडीत बसलेल्या होत्या, पळून कुठे जाणार... खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तीन कर. माझा वॉचमनला दे. तीन ढिगांचीच सवय आहे तुझ्या हाताला."

तेव्हापासून दर शुक्रवारी साडेआठला, म्हणजे तिकडे दहाला, त्यांचा फोन यायचा. दोन वर्षांत चुकला असेल तर एकदा-दोनदा. पहिला प्रश्न, "वाटे झाले?" झाले म्हटलं की, काय काय मिळालं. मग, "माझा कुठला?" भाभी पहिला उचलणार, मी शेवटचा, म्हणून त्यांचा मधला. मी "मधला" म्हणायचे, त्या "बरं" म्हणायच्या आणि मगच बाकीचं बोलायच्या. मध्यंतरी भाजीबाजार मवालेहहून दूर हलवला गेला. आता भाभींचा नवरा पिकअपमधून क्रेट घेऊन येतो आणि आम्ही आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वाटे करतो. हे कळल्यावर त्या माझ्यावरच तापल्या, जणू मीच बाजार उचलून नेला.

चिपळूणमध्ये त्यांना रविवार काही जमेना. पहाटे पाचला उठायच्या, अंघोळ करून साडी नेसून पर्स घेऊन अंगणात उभ्या. बहीण विचारायची, कुठे निघालीस? मग भानावर यायच्या. उलट शुक्रवारी दहापर्यंत गाऊनमध्ये, आणि घरात सगळ्यांची धावपळ चाललेली बघून म्हणायच्या, आज सुट्टीच्या दिवशी कुठे निघालात? हे सगळं मला हसत हसत सांगायच्या. पण एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "तिकडे होते तेव्हा इकडचं घड्याळ बघायचे, आता इकडे येऊन तिकडचं बघते... मी एका जागेची कधी होणार गं?" मी काहीतरी विनोद केला. तो न करता गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

म्हणून त्या रविवारी दहाच्या सुट्टीत मिस्ड कॉल बघितला तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, जमला यांना रविवार! आज तिकडे सुट्टी, म्हणून आज फोन केला. माझी शाळा असते हेसुद्धा विसरल्या. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. रुसल्यासारखं झालं म्हणा. सुटल्या एकदाच्या इथून, असं वाटलं. आणि त्या रुसव्यातच मी फोन परत लॉकरमध्ये टाकला.

बुधवारनंतर तो फोन माझ्या मागेच लागला. अनघाला विचारावं तर हिंमत होईना. त्यांनी मला काही सांगायला, काही मागायला फोन केला असेल, आणि अनघा म्हणाली की मावशी तुमची वाट बघत होती, तर मी काय करणार होते? वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. स्टाफरूममध्ये उभी राहून वह्या तपासायला लागले, हे दुसऱ्या कोणी दाखवून दिलं तेव्हा कळलं. शुक्रवार आला की मी काहीतरी काम काढायचे, क्रेट भाभी एकट्याच उतरवून घ्यायच्या. शेवटी मागच्या गुरुवारी भाभी घरी आल्या आणि माझा मोबाइल माझ्या हातात देऊन समोर बसल्या. "लाव फोन. काय असेल ते ऐकून घे. रोज रोज थोडं थोडं मरण्यापेक्षा एकदाच रड आणि खलास कर."

लावला. अनघाला आधी माझा प्रश्नच कळेना. मग म्हणाली, हो, रविवारी केला होता ना फोन तिने. मी विचारलं, काय हवं होतं त्यांना?

"काही नाही हो. तिला वाटलं शुक्रवार आहे."

हॉस्पिटलमध्ये पडून पडून त्यांना वार कळेनासे झाले होते. त्या सकाळी ओपीडी बंद होती, खालचा आवाज येत नव्हता. अनघा बँकेत न जाता घरच्या कपड्यांत शेजारी बसलेली. शीलाताईंनी हे सगळं नीट बघितलं आणि हिशेब मांडला. सुट्टी आहे, म्हणजे शुक्रवार आहे. "दहा वाजले का?" एवढं विचारलं आणि मोबाइल मागून घेतला.

मी म्हटलं, मी उचलला नाही तेव्हा काय म्हणाल्या? अनघाने सांगितलं, "म्हणाली, वाटे चालू असतील, हात मोकळे नसतील तिचे. झाले की करील. मग झोपली. खरंच हो, गाढ झोपली दुपारपर्यंत." आणि सोमवारी एकदा विचारलं होतं म्हणे, वैशालीचे वाटे झाले नाहीत का अजून?

हे ऐकून माझं मन हलकं झालं असं मी लिहू शकत नाही. काही मागायला फोन नव्हता केला, म्हणजे एक ओझं उतरलं. पण मी ज्या बाईवर रविवारची झाली म्हणून रुसले, ती शेवटपर्यंत शुक्रवारीच थांबली होती, आणि मी परत फोन करीन याबद्दल तिच्या मनात जराही शंका नव्हती. मी भाभींसमोर खूप रडले. खलास मात्र काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. पिकअप आला. मी डिकीतून निळी ताडपत्री काढली आणि सावलीत अंथरली. तिची घडी अजून त्यांचीच, मी कधी बदलली नाही. टोमॅटो, कांदे, काकड्या. हाताने आपोआप तीन ढीग लावले. भाभींनी पहिला उचलला. मी वाटे केलेले, मी शेवटी उचलायचं. मधला कोणी उचलल्याशिवाय मला माझा घेता येईना. वॉचमन बाजूलाच पिशवी घेऊन उभा होता, त्याला घे म्हणणंही होईना. साडेआठ वाजले होते. मी शीलाताईंचा नंबर लावला. अनघाने उचलला. मावशीचा मोबाइल हल्ली तिच्याच पर्समध्ये असतो. मागे काउंटरवरचा गलका ऐकू येत होता, तिकडे कामाचा दिवस.

"मी बँकेत आहे हो... अर्जंट आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "वाटे झाले, एवढंच सांगायचं होतं."

मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. मग तिने अगदी हळू विचारलं, "मावशीचा कुठला?"

"मधला," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.