मावशी, हात कोनाले दाखवून राहिल्या?

अकोलेकर मंडळींनो, आज माझं मनगट थोडक्यात वाचलं.

मी अजून सायकलनंच ऑफिसला जाते. सकाळी चौकात उजवीकडे वळायचं म्हणून नेहमीसारखा हात आडवा केला. मागून एक कार उजव्या बाजूनंच घुसली आणि तिचा आरसा फाडकन मनगटावर लागला. सायकलसकट मी खाली.

कारवाल्यानं काच खाली केली. "ओ मावशी, हात कोनाले दाखवून राहिल्या?"

"तुलेच! मले वळायचं होतं ना!"

"हाताकडं कोन पायते आता?" म्हणाला आणि गेला.

लिंबाच्या सावलीत ट्रॅफिक पोलीस मोबाईल बघत उभे होते. गाडीचा नंबर घ्या म्हटलं, तर म्हणाले, "जास्त नाई ना लागलं? मंग जाऊ द्या. तुमीच जरा कडेनं चालवत जा."

वीस वर्षं या चौकात मी आणि ऑफिसातली सुलभा सोबत वळलो. ती मागे असायची. मी हात काढला की तीही काढायची आणि ओरडायची, "चाल वं, मी हावो मांगं!" यंदा ती रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला गेली.

आज सायकल उचलली आणि सवयीनं मागे पाहिलं. नुसते हॉर्न वाजत होते.

मनगट सुजलंय, पण त्या कारवाल्याचा प्रश्नच जास्त ठणकतोय. इतकी वर्षं माझा हात एकट्या सुलभालाच दिसत होता का?

उद्याही मी तिथंच वळणार आहे. तुमच्यापैकी कोणी मागे असाल, तर "दिसला" एवढं ओरडाल?